आधी सुई, मग स्टिरॉइड

*आमची चिकू अकरा वर्षांची लॅब्राडोर. तीन आठवड्यांपूर्वी पट्टा बांधताना माझ्या बोटांना तिच्या जबड्याखाली दोन गाठी लागल्या. आमच्या डॉक्टरांनी तोंड पाहिलं, दात खराब आहेत म्हणाले आणि सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. गाठी जराशा उतरल्यासारख्या वाटल्या, पण आता मागच्या दोन्ही पायांच्या गुडघ्यामागेही तशाच गाठी लागतायत. ती खाते, फिरते, शेपूट हलवते. फक्त पाणी खूप पिते. दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन बघू, गाठी बसतील. माझे दीर म्हणतात, या वयात टोचाटोची कशाला, तिला शांत राहू द्या. मला काहीच सुचत नाही. आणि एक विचारू? तिला त्या गाठी दुखत असतील का?*

— चिकूची आई

प्रिय चिकूची आई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे मी शेवटी येते. आधी जे तातडीचं आहे ते सांगते: ते स्टिरॉइडचं इंजेक्शन तूर्त घेऊ नका. कायमचं नको असं नाही म्हणत, कदाचित उद्या तेच चिकूचं औषध ठरेल. पण त्या गाठींमधून सुईने नमुना घेतला जाईपर्यंत नको. या आठवड्यात एवढी एकच गोष्ट करायची ठरवलीत, तर ती सुईची तपासणी असू द्या.

असं का म्हणते ते समजावून सांगते, कारण घरात तुम्हालाही ते कोणाला तरी समजावून सांगावं लागणार आहे.

आपल्या पायाला जखम झाली, ती चिघळली, की जांघेत अवधाण येतं. त्या भागातून येणारा लसीका द्रव तिथल्या ग्रंथीतून गाळला जातो, आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी तिथे वाढल्या की ग्रंथी सुजते. कुत्र्याचंही तसंच. ज्या ग्रंथी आपल्या बोटांना लागू शकतात त्या ठरावीक जागी असतात: जबड्याच्या कोनाखाली, खांद्याच्या पुढे मानेच्या मुळाशी, मागच्या पायाच्या गुडघ्यामागे, आणि सुजल्या तर काखेत आणि जांघेत. प्रत्येक ग्रंथीचा आपापला इलाका असतो. जबड्याखालच्या ग्रंथीकडे तोंड, हिरड्या आणि चेहऱ्याचा भाग. गुडघ्यामागच्या ग्रंथीकडे त्या पायाचा खालचा भाग.

म्हणून तुमच्या पहिल्या डॉक्टरांना मी चूक म्हणणार नाही. अकरा वर्षांच्या कुत्रीच्या हिरड्या लाल, दातांवर कीटण, आणि फक्त जबड्याखाली गाठ, एवढंच असतं तर मीही आधी दातांकडेच बोट दाखवलं असतं. पण खराब दात गुडघ्यामागची ग्रंथी सुजवत नाहीत. तीही दोन्ही पायांची, आणि पायांवर जखम नसताना. पंज्यांच्या बोटांमध्ये, नखांच्या मुळाशी एकदा नीट पाहून घ्या. तिथे काही नसेल, तर तुम्हाला गुडघ्यामागे गाठ लागली त्या दिवशी हा विषय एका जागेचा उरला नाही, सगळ्या अंगाचा झाला. अँटिबायोटिकने जबड्याखालची गाठ जराशी उतरली यावर फार विसंबू नका. दातांमुळे आलेली सूज थोडी उतरली असेल, आणि तिच्याखाली दुसरं काही असेल तर ते तसंच राहिलं असेल. म्हाताऱ्या कुत्र्यांत एका वेळी दोन आजार असणं मुळीच नवल नाही.

एक शंका मात्र आधी दूर करून घ्या. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात लाळेची ग्रंथीही असते. ती मऊसर, थोडी मोठी आणि जरा मागे लागते. पुष्कळ लोक, कधीकधी घाईत डॉक्टरही, तिलाच सुजलेली गाठ समजतात. त्यात लॅब्राडोरच्या अंगावर चरबीच्या मऊ, सरकत्या गाठी वयानुसार येतातच. चिकूच्या गाठी खरोखर लसीका ग्रंथीच आहेत ना, हे डॉक्टरांच्या हाताने एकदा पक्कं होऊ द्या. गुडघ्यामागे मात्र लाळेच्या ग्रंथीची गफलत होत नाही.

आता कारणांकडे. अंगभर ग्रंथी सुजण्याची कारणं बरीच आहेत, पण चिकूच्या बाबतीत दोनच माझ्या मनात पुढे उभी राहतात, आणि दोन्ही मी स्पष्ट बोलते.

पहिलं कारण गोचिडीतून येणारा आजार, विशेषतः एर्लिकिया. गोचीड ताप म्हणून आपण ओळखतो तो. त्यात ग्रंथी सुजतात, प्लीहा वाढते, प्लेटलेट घटतात, कधी नाकातून रक्त येतं, हिरड्यांवर लाल ठिपके दिसतात. पण जुनाट झालेला एर्लिकिया इतका ठळक दिसत नाही. कुत्रं नुसतं मलूल, थोडं बारीक, कधी ताप तर कधी नाही, असं महिनोन्‌महिने राहतं. गेल्या वर्षभरात तिच्या अंगावर गोचीड दिसली होती का, ते आठवा. दिसली नसेल तरी तपासणी करायची, कारण एखादी गोचीड चावून गळून पडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरं कारण लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कर्करोग. हा शब्द मी टाळू शकले असते, पण मग तुम्हाला घाई का करायची ते कळलं नसतं. वय झालेल्या कुत्र्याच्या अंगभर गाठी, दोन्ही बाजूंना सारख्या, कडक, दाबल्यावर न दुखणाऱ्या, आणि कुत्रं मात्र खातंपितं, खेळतं: लिम्फोमा नेमका असाच समोर येतो. मी चिकूला पाहिलेलं नाही. पत्रावरून निदान करणं मला पटत नाही आणि मी ते करतही नाही. पण तुम्ही केलेलं वर्णन वाचून मी डॉक्टर म्हणून ‘महिनाभर थांबून पाहू’ असं म्हणणार नाही.

बाकीची कारणंही आहेत: बुरशीचे काही आजार, वाळूमाशीमुळे पसरणारा लिश्मॅनिया, अंगभर पसरलेला त्वचेचा संसर्ग, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणं, किंवा दुसरीकडच्या गाठीचा कर्करोग ग्रंथीत उतरणं. म्हणून डॉक्टरांना तिची स्तनं, गुदद्वाराजवळच्या ग्रंथी, तोंडाचा आतला भाग आणि सगळी कातडी हाताने तपासायला सांगा. या तपासणीला पैसे लागत नाहीत, दहा मिनिटं लागतात, आणि तीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

पाण्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मी ती ओळ परत परत वाचली. लिम्फोमाच्या काही प्रकारांत रक्तातलं कॅल्शियम वाढतं. गुदद्वाराजवळच्या ग्रंथीच्या कर्करोगातही वाढतं. त्याने कुत्रं खूप पाणी पितं, खूप लघवी करतं, आणि लक्ष दिलं नाही तर मूत्रपिंडाला इजा होते. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, कुशिंग हा संप्रेरकांचा आजार, यांतही तहान वाढते, म्हणून तहान म्हणजे कॅल्शियमच असं नाही. पण रक्ततपासणीत कॅल्शियम मुद्दाम मागून घ्या, ते प्रत्येक पॅनेलमध्ये असतंच असं नाही. चिकूची नसबंदी झाली आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल, तर शेवटचा माज कधी आला होता आणि खालून काही स्राव येतो का, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. वय झालेल्या कुत्रीत तहान वाढणं हे गर्भाशयात पू झाल्याचंही लक्षण असतं आणि त्याला एक दिवसही थांबता येत नाही.

आता सुईबद्दल, कारण तुमच्या दिरांचा विरोध तिलाच आहे.

लस देताना जेवढी बारीक सुई वापरतात, साधारण तेवढीच. भूल नाही, टाके नाहीत, केस कापायचीही बहुधा गरज नाही. डॉक्टर ग्रंथी दोन बोटांत धरतात, सुई आत नेऊन थोडी मागेपुढे करतात, आणि जे सुईत येतं ते काचेच्या पट्टीवर हळूच पसरतात. लसीका पेशी नाजूक असतात, जोरात पसरल्या तर फुटतात आणि मग अहवालात ‘नमुना वाचता आला नाही’ एवढंच येतं. काही मिनिटांत सगळं आटोपतं. बहुतेक कुत्री हालतही नाहीत.

सुई कुठे टोचायची, हा मात्र महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारायला हवा. जबड्याखालची गाठ हाताला सहज लागते म्हणून तिथेच टोचली जाते. पण तिथे खराब दातांमुळे पेशी तशाही खवळलेल्या असतात. अहवाल येतो, ‘दाहामुळे वाढलेली ग्रंथी’. घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि खरा आजार गुडघ्यामागे तसाच राहतो. म्हणून गुडघ्यामागच्या ग्रंथीतून घ्या, शक्य असेल तर खांद्यापुढच्या ग्रंथीतूनही, म्हणजे निदान दोन जागांहून. आणि फार मोठी झालेली गाठ असेल तर तिचा मध्य कधीकधी मेलेला असतो, मग मध्यम आकाराची गाठ बरी.

ती काच पाहणारा तज्ज्ञ पेशींचा आकार बघतो. निरोगी ग्रंथीत लहान लसीका पेशींचा भरणा असतो. संसर्गामुळे सुजलेल्या ग्रंथीत लहान-मोठ्या सगळ्या तऱ्हेच्या पेशींची सरमिसळ दिसते. बहुतेक लिम्फोमांत मात्र मोठ्या, कोवळ्या, एकसारख्या पेशींनी अर्ध्याहून जास्त जागा व्यापलेली असते. असं चित्र असेल तर पुष्कळदा या एका काचेवरच निदान होतं. चित्र धूसर असेल तर गुडघ्यामागची पूर्ण ग्रंथी काढून तिची बायॉप्सी करायची. तिला भूल लागते, पण शस्त्रक्रिया छोटी असते आणि ती ग्रंथी गेल्याने कुत्र्याचं काही अडत नाही. धूसर अहवालाला ‘काही निघालं नाही’ म्हणून मोकळं होऊ नका. ‘अजून कळलेलं नाही’ एवढाच त्याचा अर्थ.

सुईच्याच दिवशी रक्तही द्या: पूर्ण रक्तगणना, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची रक्ताची काच, मूत्रपिंड आणि यकृत, कॅल्शियम, गोचीड तापाची तपासणी, आणि लघवी. छातीचा एक्सरे आणि पोटाची सोनोग्राफी सुईचा अहवाल आल्यावर ठरवता येईल.

गोचीड तापाच्या तपासणीत एक खाच आहे. दवाखान्यात पंधरा मिनिटांत होणारी तपासणी शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं शोधते. जुना, बरा झालेला संसर्गही ती पॉझिटिव्ह दाखवते. मग घरात सगळ्यांना हायसं वाटतं, ‘चला, गोचीड तापच आहे’, आणि डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा 28 दिवसांचा कोर्स सुरू होतो. औषध चुकीचं नाही. पण त्या 28 दिवसांसाठी सुई पुढे ढकलली गेली, तर ते मला मान्य नाही. गोचिडीचा जुना संसर्ग आणि लिम्फोमा एकाच कुत्र्यात सुखेनैव नांदतात. नुकत्याच जडलेल्या एर्लिकियात डॉक्सिसायक्लिन सुरू झाल्यावर कुत्रं दोन-तीन दिवसांत तरतरीत होऊ लागतं. आठवडा गेला आणि गाठी तशाच असतील, तर कोर्स चालू ठेवून पुढचा शोध घ्यायचा.

आता स्टिरॉइड. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं ते एका अर्थी खरंच आहे, गाठी बसतील. प्रेडनिसोलोन हे नेहमी वापरलं जाणारं स्टिरॉइड लसीका पेशींना मारतं, मग त्या पेशी कर्करोगाच्या असोत की नसोत. लिम्फोमाच्या गाठी चार-पाच दिवसांत विरघळल्यासारख्या होतात. आणि मग सुईत काही सापडत नाही, बायॉप्सीत काही सापडत नाही, रक्ताचं चित्रही बदलतं. आजार मात्र असतोच. त्याहून वाईट म्हणजे, आधी स्टिरॉइड मिळालेल्या लिम्फोमावर पुढे केमोथेरपीचा असर कमी आणि थोडे दिवस होतो, कारण उरलेल्या पेशी औषधाला दाद न देणाऱ्या असतात. आणि मूळ कारण बुरशी किंवा दुसरा संसर्ग असेल, तर स्टिरॉइड त्याला रान मोकळं करून देतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत नऊ वर्षांच्या एका कुत्र्याला मी स्वतः तेच इंजेक्शन दिलं होतं. घरचे घाबरलेले होते, मला त्यांना लगेच काहीतरी चांगलं दाखवायचं होतं. चौथ्या दिवशी गाठी गेल्या, त्यांनी माझे हात हातात घेऊन आभार मानले. पाच आठवड्यांनी तो परत आला तेव्हा गाठी लिंबाएवढ्या होत्या. मग निदान झालं, केमो सुरू झाली, पण तिने साथ दिली ती जेमतेम काही आठवडे. आधी सुई घेतली असती तर तो नक्की जास्त जगला असता असं मी म्हणू शकत नाही. पण त्याची संधी मी घालवली, हे मला माहीत आहे. त्या दिवसापासून नमुना घेतल्याशिवाय मी गाठींना स्टिरॉइड दिलेलं नाही.

माझं उत्तर तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत इंजेक्शन देऊन झालं असेल, तर स्वतःला दोष देत बसू नका. औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख लिहून ठेवा आणि नमुना घेणाऱ्या डॉक्टरांना सांगा, ते काय आणि कधी करायचं हे त्यावरून ठरवतील. गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

दिरांना चिकूची काळजी आहे, हे त्यांच्या बोलण्यातून कळतं. त्यांना एवढंच विचारा, की ‘शांत राहू द्या’ म्हणजे नेमकं कशासोबत? गोचीड ताप निघाला तर त्याच्यावर गोळ्या आहेत, आणि वेळेवर मिळाल्या तर बरेच कुत्रे पूर्ण बरे होतात. तो तसाच ठेवणं म्हणजे शांतता नव्हे. लिम्फोमा निघाला तरी सगळे लिम्फोमा एक नसतात. लसीका पेशींचे बी आणि टी असे दोन मुख्य प्रकार आहेत, कोणत्या पेशी बिघडल्या यावर बरंच अवलंबून असतं. टी-झोन नावाचा एक संथ प्रकार आहे, त्यात कुत्री कधी वर्षभर, कधी त्याहून जास्त, फारशा औषधाविना चांगली जगतात. आक्रमक प्रकारात उपचार न केल्यास बहुधा महिना-दीड महिना मिळतो. नुसत्या प्रेडनिसोलोनवर साधारण एक ते दोन महिने. अनेक औषधांच्या केमोथेरपीने बी-पेशींच्या लिम्फोमात दहापैकी आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी पूर्ण किंवा बऱ्याच अंशी ओसरतात आणि साधारण वर्षभराचं आयुष्य मिळतं, टी-पेशींच्या प्रकारात त्याहून कमी. आजार मुळापासून जाणं दुर्मीळ आहे, हेही सांगायला हवं. पण कुत्र्यांची केमो माणसांसारखी नसते. मात्रा मुद्दाम कमी ठेवतात, कारण हेतू चांगले दिवस मिळवण्याचा असतो. उलट्या, जुलाब, पांढऱ्या पेशी घटणं हे होऊ शकतं, पण बहुतेकांना ते सौम्य असतं.

आणि हे सगळं कळल्यावर तुम्ही ‘आम्हाला केमो नको, तिला घरी सुखाने ठेवायचंय’ असं ठरवलंत, तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. तेव्हा तेच प्रेडनिसोलोन तिला भूक देईल, उत्साह देईल, आणि ते देताना कोणाच्या मनात किंतु राहणार नाही. सुई टोचली म्हणजे पुढचं सगळं करावंच लागतं असं कोणी सांगितलं असेल तर ते खरं नाही.

तोवर घरी काय करायचं? तिचं पाणी मोजा. सकाळी भांडं मापून भरा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. दर किलो वजनामागे दिवसाला 100 मिलीहून जास्त पाणी जात असेल तर ते नक्की जास्त आहे. पाणी तोडू मात्र नका, कितीही प्यायली तरी. झोपेत असताना तिचे श्वास मिनिटभर मोजा. मिनिटाला 30 च्या वर सतत राहिले, चेहरा किंवा मान सुजली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, खाणं सोडलं किंवा उलट्या थांबेनात, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता न्या. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, माणसांची कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नका. आणि पहिल्या डॉक्टरांकडेच परत जायला संकोचू नका. ‘गुडघ्यामागेही आल्या आहेत, स्टिरॉइडच्या आधी तिथून सुईने नमुना घ्याल का?’ एवढं एक वाक्य पुरे. ते घेत नसतील तर कुठे घेतात ते तेच सांगतील.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. बहुधा नाही, दुखत नसतील. संसर्गाने झपाट्याने सुजलेली ग्रंथी हुळहुळी होते, पण तुम्ही वर्णन केलेल्या गाठी सहसा दुखत नाहीत, म्हणूनच तर चिकूने तुम्हाला काही सांगितलं नाही आणि त्या पट्टा बांधताना सापडल्या. तिच्या दृष्टीने सध्या एकच गोष्ट बदलली असेल: दिवसातून दहा वेळा तुमची बोटं तिच्या गळ्याखाली चाचपत येतात आणि त्यांच्यात नेहमीचे लाड नसतात. तर असं करा. दर तीन दिवसांनी एकदा, ठरावीक वेळी, गाठी बघा, जमल्यास पट्टीने मापून वहीत लिहा. मधले दिवस तो हात तिच्या कानामागे जाऊ द्या.

सुईचा अहवाल आला की मला त्यातला मजकूर जसाच्या तसा लिहून पाठवा. कोणत्या ग्रंथीतून घेतला, तेही.

तुमची,
सदराची पशुवैद्य